पौर्णिमेनंतरचा रविवार

ईस्टर हा इंग्रजांचा सण, अशी आपल्या पांढरपेशा घरांतून एक पक्की समजूत आहे. नाताळ निदान केकमुळे तरी ओळखीचा झाला. ईस्टरच्या वाट्याला तेवढेही भाग्य नाही. गुड फ्रायडेची सुट्टी आपण बिनतक्रार घेतो, जोडून शनिवार-रविवार आले की माथेरानचे बेत आखतो. पण त्या रविवारी असते काय, हे विचारायचे राहूनच जाते. आमच्या कॉलेजात एकदा 'पुनरुत्थान' या शब्दाची फोड करीत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे तो अंड्यांचा इंग्रजी सण ना, सर?" वर्ग खळखळून हसला. तास संपल्यावर एक मुलगी माझ्यापाशी आली नि म्हणाली, "सर, माझ्या आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. मग तिचा सण इंग्रजांचा कसा?"

मुलगी भाईंदरजवळच्या चौक गावची. जातीने कोळी, धर्माने ख्रिस्ती. "तुम्ही येऊनच बघा," असे आमंत्रणही तिने देऊन टाकले. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता. आदल्या दिवशी दुपारी आम्ही उभयता भाईंदर स्टेशनावर उतरलो.

पश्चिमेला बस मिळते. मुर्धा, राई, मोर्वा अशी एकामागून एक गावे लागतात, मधूनमधून मिठागरे दिसतात नि बघता बघता मुंबईचा गलबला मागे पडतो. डोंगरी आले की रस्त्याच्या कडेला पांढरे क्रूस दिसू लागतात. चौक हे या साऱ्याचे टोक. पुढे खाडी, नि खाडीपलीकडे झाडीतून डोके काढलेला वसईचा किल्ला. किनाऱ्यावर होड्या, जाळी, नि बांबूंच्या वलांडीवर जबडे एकमेकांत अडकवून वाळत घातलेले बोंबील! आमच्या सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. पण संध्याकाळी त्याच बोंबलाची चटणी त्यांनी दोनदा मागून घेतली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या गावाला इतिहास आहे, नि तो सरळ नाही. येथला धारावीचा किल्ला १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून घेतला नि त्याच वर्षी मे महिन्यात समोरची वसई पडली. आपण शाळेत तो विजय छाती फुगवून शिकतो. ते योग्यच आहे. फक्त चौकच्या किनाऱ्यावर उभे राहिले की एक गोष्ट लक्षात येते. पोर्तुगीज गेले, मराठे गेले, इंग्रज आले नि तेही गेले. कोळी मात्र येथेच राहिले. त्यांनी दर्या सोडला नाही, क्रूस सोडला नाही नि मराठीही सोडली नाही.

आजी अंगणात बसली होती. मी मराठीचा मास्तर म्हटल्यावर तिने मला नीट न्याहाळले. ईस्टरला ती 'पास्का' म्हणते नि चर्चला 'देऊळ'. "पास्का कधी येतो ते कसं कळतं, आजी?" मी विचारले. तिने खाडीकडे हात केला. "पुनव होते, उधाण येतं. उधाण ओसरायला लागलं की पास्का आला. त्याला कॅलिंडर कशाला, मास्तर?"

वाचकहो, या एका वाक्यासाठी भाईंदरची बस पकडणे सार्थकी लागले! ३२५ साली नायसियाच्या परिषदेत देशोदेशींचे बिशप जमले, तेव्हा हा सण सर्वांनी एकाच रविवारी पाळावा असे ठरले. पुढे जो नियम रुळला तो असा : वसंतसंपात २१ मार्चचा धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, नि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान हिंडत असतो. आपल्या पंचांगाशी ताडून पाहा. २०२४ साली २४ मार्चला होळी पेटली नि ३१ मार्चला ईस्टर झाला. २०२५ साली १२ एप्रिलला हनुमान जयंती नि २० एप्रिलला ईस्टर. म्हणजे कधी आपल्या होळीच्या मागून, तर कधी मारुतीच्या मागून हा सण चालत येतो. पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळ्याच्या पोराला बाराखडीच्या आधी कळते. आम्ही गेलो तेव्हा पौर्णिमेला सहा दिवस होऊन गेले होते. पाणी भांगाचे, खाडी मऊ, नि होड्या निवांत.

पण सण पौर्णिमेला बांधला कोणी? याचे उत्तर ना लंडनमध्ये आहे ना लिस्बनमध्ये. ते यहुद्यांच्या घरात आहे. इजिप्तच्या गुलामगिरीतून त्यांची सुटका झाली, त्या रात्री मृत्यूचा दूत कोकराच्या रक्ताची खूण असलेली घरे ओलांडून पुढे गेला, अशी कथा आहे. त्या सणाचे हिब्रू नाव पेसाह. त्याचे ग्रीक-लॅटिनात 'पास्का' झाले, पोर्तुगिजांनी 'पाश्कोआ' केले. मराठी बायबलात त्याला 'वल्हांडण' म्हटले आहे. काय नेमका शब्द! वल्हांडणे म्हणजे ओलांडणे. येशूचे अखेरचे दिवस याच सणाच्या आसपासचे, म्हणून ख्रिस्ती लोकांनी त्याला वल्हांडणाचे कोकरू मानले नि ईस्टरच्या चित्रांत कोकरू आले.

नि हा यहुदी सण तरी आपल्याला परका आहे काय? अलिबागकडच्या बेने इस्रायलांनी, आपल्या शनवार तेल्यांनी, तो शतकानुशतके पाळला. जुन्या काळी त्यांचे त्याला नाव होते 'अनाशी ढाकाचा सण'. अनाशी म्हणजे आंबट कालवणाचे मडके. या दिवसांत आंबवलेले खायचे नाही, म्हणून ते झाकून ठेवायचे. इजिप्तमधून निघालेली कथा कोकणातल्या मडक्याच्या झाकणावर येऊन बसली. २०२५ साली हा वल्हांडण सुरू झाला तो हनुमान जयंतीच्या संध्याकाळीच.

आता राहिला 'ईस्टर' हा शब्द. तो तेवढा खरोखर इंग्रजांकडचा, नि त्याची हकीकत मोठी गमतीची. ७२५ साली बीड नावाच्या विद्वान इंग्रज साधूने कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, पूर्वीचे लोक वसंतातल्या एका महिन्यात ईओस्त्रे नावाच्या देवीचा उत्सव करीत. त्या महिन्याचे नाव ख्रिस्ती सणाला चिकटले. देवीचा लेखी पुरावा काय तो एवढाच. १८३५ साली जर्मन पंडित याकोब ग्रिम याने त्यावर तर्काचा मोठा इमला उभारला नि तेव्हापासून 'ईस्टर हा मुळात त्या देवीचाच सण' असे ठासून सांगणाऱ्यांना तोटा नाही. मला हे पटत नाही. नाव एकीकडचे नि सण दुसरीकडचा, असे जगात नेहमीच होते. पण भाषेच्या माणसाला त्या नावात जे सापडते ते सोन्यासारखे आहे. ईओस्त्रे, इंग्रजी 'ईस्ट', ग्रीक 'इऑस', लॅटिन 'अरोरा' नि ऋग्वेदातली आपली उषा, ही सारी एकाच धातूची लेकरे. पहाटेची देवी ती! बाया थडग्याकडे गेल्या त्याही पहाटेच, असे शुभवर्तमान सांगते. हा योगायोग आहे, पण सुरेख आहे.

अंड्याचे गूढही फारसे गूढ नाही. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात जुन्या युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबडीला उपास कोण सांगणार? ती घालीतच राही. मग साठलेली अंडी ईस्टरला रंगवून वाटायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या जमाखर्चात ४५० अंड्यांपोटी अठरा पेन्स लिहिलेले आहेत. सोन्याचा वर्ख लावून ती वाटायची होती. बंद कवच फोडून जीव बाहेर येतो, म्हणून ते थडग्याचे प्रतीक झाले. अंडी आणणारा ससा जर्मनीतला. १६८२ सालच्या एका ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. चॉकलेटचे पोकळ अंडे तर १८७३ साली ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने काढलेला माल. वांद्र्याच्या बेकऱ्यांत काजूच्या मार्झिपानची नक्षीदार अंडी मिळतात, त्यांत बदामाची जागा आपल्या काजूने घेतली आहे.

रात्री देवळात गेलो. दिवे मालवलेले. चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती, त्यामुळे काळोख दाट होता. आवारात नवा अग्नी पेटवला, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावली. तिच्यावर त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. मग एकीवरून दुसरी, अशा हातोहाती शेकडो मेणबत्त्या लागल्या. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा एकदम घणघणू लागल्या. फ्रान्समध्ये मुलांना सांगतात, की घंटा या दिवसांत रोमला जातात नि येताना अंडी आणतात. समोरच्या वसईतूनही घंटा गेल्या होत्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. त्या काही परतल्या नाहीत.

सारी उपासना मराठीत चालली होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ती लॅटिनमध्ये असे. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेला वेदी मिळाली. आजीने लहानपणी पाठ केलेले लॅटिन तिला अजून येते, अर्थ मात्र मराठीचाच कळतो. तसे पाहिले तर फादर स्टीफन्स या जन्माने इंग्रज धर्मगुरूने ही कथा मराठी ओवीत १६१६ सालीच छापून ठेवली होती. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मी त्या घरात फळीवर पाहिले, चांगले वापरून मऊ झालेले.

सकाळी फुगे नि मटणाचे कालवण झाले. मुलीचा धाकटा भाऊ इंग्रजी शाळेत जातो. त्याने आम्हाला "हॅपी ईस्टर" केले नि आपला चॉकलेटचा ससा दाखवला. आजीने त्याला जवळ ओढून "पास्का म्हण, पास्का," म्हणून पाहिले. तो हसून पळाला. मुलगी म्हणाली, "सर, त्याच्या वर्गात हा शब्द कुणालाच कळत नाही." तिने एक दोनशे पानी वही घातली आहे. आजीचे शब्द त्यात उतरवते : वाऱ्याचे, जाळ्यांचे, सणांचे. चाळीसएक पाने भरली होती. मी तिला तारखा घालायला सांगितल्या, नि कोणता शब्द कुठे ऐकला तेही.

निघताना आजीने वाळल्या बोंबलांची पुडी सौभाग्यवतींच्या पिशवीत सारली. मी हिशेब करून सांगितले, की २०२६ सालची पौर्णिमा २ एप्रिलची नि पास्का ५ एप्रिलचा. तिने बोटांवर मोजले. "म्हणजे उधाणातच," ती म्हणाली. "तेव्हा या. पाणी बघण्यासारखं असतं."