कापूस आमचा, गिरण्या इचलकरंजीत का?

आमच्या तालुक्यात हा प्रश्न मला दर हंगामात ऐकू येतो. उत्तर साधं आहे, फक्त गोड नाही.

कारखाना हिशेबावर येतो. ऊस तोडला की वजनही उतरतं, साखरही. म्हणून साखर कारखाना फडाजवळच लागतो. कापसाचं तसं नाही. १०० किलो कापसातून रुई निघते साधारण ३४-३५ किलो. बाकी सरकी. म्हणून जिनिंग आपल्याकडे राहिलं. पण रुईची गाठ एकदा बांधली की ती नासत नाही. ती ट्रकमधून कोइमतूरलाही जाते. इचलकरंजीत माग, कारागीर, मिस्त्री, व्यापारी सगळे हाकेच्या अंतरावर. नवा माणूस तिथेच माग टाकणार ना?

जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल मुंबई सोडून नागपुरात सुरू केली, तीसुद्धा हिशेबानंच. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दारात. आज वीज तारेनं कुठेही पोचते, कोळशाजवळ असण्याचा तो फायदा उरला नाही.

मागास भाग म्हणून सरकार आपल्याकडे जास्त सवलत देतं. पण सवलतीला मुदत असते. ती संपल्यावर काय?

म्हणून ‘उद्योग आणू’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा. वीज कितीला पडेल? माल जवळपास कोण घेईल? मशीन बंद पडलं तर मिस्त्री कुठून येईल? याची उत्तरं तयार होत नाहीत, तोवर आपले पोट्टे चाकणची गाडी पकडतच राहतील.