छातीतील पाणी

आमच्या उमरग्याकडे ‘पाणी’ हा शब्द एरवी आशेचा. अवर्षणाच्या मुलुखात दुसरे काय असावे? परंतु ‘छातीत पाणी झाले’ असे कोणी म्हटले की घरातील माणसे आवाज खाली करतात. बहुतेकांस प्रथम क्षय आठवतो. हा समज निराधार नाही. फुप्फुसावरील दुहेरी आवरणात क्षयानेही पाणी साचते. निरोगी माणसाच्या ठायी तेथे चार-दोन चमचेच ओलावा असतो. पण स्तनाचा वा फुप्फुसाचा कर्करोग त्या आवरणापर्यंत पोचला म्हणजे पाझर वाढतो, निचरा अडतो, आणि लिटर-दीड लिटर पाणी सहज साठते.

तेलाच्या डब्यावर टिचकी मारून तो किती भरला आहे हे गृहिणी ओळखते. तीच युक्ती ऑएनब्रुगर या वैद्याने १७६१ साली छातीसाठी सांगितली. आज क्ष-किरण व सोनोग्राफी आहेत. तरी पाण्याचे कारण ठरवावयाचे ते सुईने काढलेला नमुना तपासून. त्यात कर्करोगाच्या पेशी दहांपैकी सुमारे सहा रोग्यांतच सापडतात. तेव्हा पहिला नमुना निर्दोष आला एवढ्यावरून महिनोगणती क्षयाची औषधे चालविणे आम्हांस धोक्याचे वाटते.

आमच्या थोरल्या वहिनींचे निदान दुसऱ्या नमुन्यात झाले. त्यांना आडवे होता येत नसे. उशांना टेकून त्या रात्र काढीत. पाणी काढण्याचे ठरताच पुतण्या म्हणाला, “काका, परत भरणारच की हो ते. मग अंगातलं सत्त्व कशाला घालवायचं?” हाच प्रश्न आम्ही चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकला आहे. त्या पाण्यात प्रथिने असतात, हे खरे. परंतु फुप्फुस दाबून बसलेले पाणी शरीराच्या कोणत्या कामाचे? एका वेळी साधारणतः दीड लिटरपर्यंतच काढतात, कारण दबलेले फुप्फुस एकाएकी फुलले तर त्यालाच सूज येण्याची भीती असते. वहिनी त्या रात्री आडव्या होऊन झोपल्या.

पुन्हा भरले तरी उपाय आहेत. फुप्फुस नीट फुलत असेल तर आवरणांमध्ये निर्जंतुक शंखजिऱ्याची पूड सोडून ती एकमेकांस चिकटवितात. पाण्याला जागाच उरत नाही. फुलत नसेल तर बारीक नळी बसवून घरीच पाणी काढता येते. उरलेल्या धापेवर मॉर्फीनची अल्प मात्रा चालते. त्या औषधाच्या परवान्यांचा जाच २०१४ च्या कायदेदुरुस्तीने पुष्कळ हलका केला.

शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंद ठेवली जाते. आमच्याच जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, आणि एकाच विषाणूचाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात हे जगास कळले. रोग वेळेवर ओळखण्याच्या कामी हे नाव मिळविलेल्या जिल्ह्यात उशिरा आलेल्या रोग्यास ‘आता घरी न्या’ एवढेच ऐकावे लागते, हे आम्हांस खटकते. घरी न्यावेच, पण धापेची व्यवस्था करून.

अशा रोग्याचे आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजावे लागते. वहिनींना पाच मिळाले. नळी बसविल्यावर पुतण्याच दिवसाआड पाणी काढी, आणि किती निघाले ते तारखेसह वहीत टिपून ठेवी.