सेवा नको, संगं चल

'सेवा' या शब्दाची मला चीड आहे. पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वाटणीला तीच आली. मेलेली ढोरं ओढा, सांगावा पोचवा, वेस राखा. गावानं त्याला सेवा म्हटलं अन् वरून शिळा तुकडा टाकला. पुढं चक्र उलटं फिरलं. वरचे लोक आमची सेवा करू लागले. १९३२ साली गांधींचा हरिजन सेवक संघ निघाला. तेव्हा बाबासाहेबांनी पत्र लिहून बजावलं होतं, की आधी विहिरीच्या, शाळेच्या हक्काची लढाई हाती घ्या. संघानं ते मानलं नाही.

माझ्या शेजारच्या मागावर एक ख्रिश्चन पोरगा आहे. बारा तासांच्या पाळीत, मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं. तो म्हणतो, "देव बोलावतो ते दुसऱ्यासाठी बोलावतो." मी म्हटलं, "बोलावतो कशाला? आमच्या डोक्यावर हात ठेवायला, का खांद्याला खांदा लावायला?"

हा फरक मला मेम्फिसनं शिकवला. मेम्फिस हे अमेरिकेतलं शहर. १ फेब्रुवारी १९६८. कचरा उचलणारे दोन काळे कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, पाऊस चुकवायला कचऱ्याच्या गाडीत मागं शिरले. कचरा दाबायचं यंत्र अचानक सुरू झालं. दोघं चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगारांनी काम बंद केलं. मागणी पगाराची होती, युनियनच्या मान्यतेची होती. पण मोर्च्यातल्या पाट्यांवर लिहिलं होतं - 'मी माणूस आहे.' दोस्तांनो, १९२७ साली महाडच्या तळ्यावर आपण तरी दुसरं काय सांगत होतो?

ध्यानात घ्या, संप कामगारांनी केला. कुठल्या पाद्र्यानं नाही. पाद्री मागून आले. पण आले. त्यातला एक जेम्स लॉसन. हा माणूस आपल्या मातीत राहून गेलेला. १९५३ ते १९५६ तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला ही बातमी त्यानं नागपुरातच वाचली. १९५६ साली तो मायदेशी परतला. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह धम्म स्वीकारला. त्याच्या डोक्यात गांधी, आपल्या डोक्यात बाबासाहेब. हा वाद मी विसरत नाही. पण मेम्फिसमध्ये त्यानं ब्लँकेटं वाटून घर गाठलं नाही. तो संपकऱ्यांबरोबर रस्त्यावर चालला. मार्टिन ल्यूथर किंगना त्यानंच बोलावून घेतलं.

३ एप्रिलच्या रात्री किंगनी तिथं बायबलातली गोष्ट सांगितली. यरीहोच्या वाटेवर लुटलेला माणूस पडलाय. पुरोहित बघून पुढं गेला, लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी, ज्याला यहुदी हलका समजत. किंगच्या बोलण्याचा मतलब असा, की थांबलो तर माझं काय होईल हे विचारू नका. नाही थांबलो तर याचं काय होईल ते विचारा. दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी घातली. १६ एप्रिलला शहराला युनियन मान्य करावी लागली.

त्याच्या बरोबर वर्षभर आधी, ४ एप्रिल १९६७ ला, न्यूयॉर्कच्या भाषणात किंगनी आणखी पुढचं सांगितलं होतं. जखमीला उचलणं ही नुसती सुरुवात, ती वाटच बदलली पाहिजे. हे मला जास्त पटतं. वाट तशीच ठेवून रोज एक जखमी उचलायचा, ही सेवा. वाट बदलायची, हा लढा. आपल्याकडच्या चर्चनं तरी ती कुठं बदलली? तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिश्चनाला मेल्यावरही वेगळी जागा. शेजारच्या मागावरचा पोरगा हे ऐकून मान खाली घालत नाही. म्हणतो, "म्हणून तर भांडायचं, आतून पण."

माझा मामा एका ठेकेदाराच्या हाताखाली गटारं उपसतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. मामा उघड्या अंगानं उतरतो. दिवाळीला कुणीतरी संस्था येते, फराळाचं पाकीट देते, फोटो काढते. मामा म्हणतो, "पाकीट ऱ्हाऊ द्या. ठेकेदाराम्होरं माझ्या संगं हुबं ऱ्हावा."

येत्या सोमवारी मामाची चाळीसेक माणसं काम बंद करून बसणार आहेत. मी गेलो तर मालक माझे माग दुसऱ्याला देईल. शेजारच्या पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग दोघांचे देईल."

दोस्तांनो, तुम्ही पण या. हार नको, पाकिटं नकोत. पाटी काय लिहायची ते मामाची माणसं सांगतील.