कुकडीचे रांजणखळगे

बारामती-इंदापूरचा आमचा मुलूख सपाट. येथे कऱ्हा सोनगावापाशी नीरेला व नीरा नरसिंहपुराशी भीमेला शांतपणे मिळते. त्यामुळे नदीची घळ मी वर्गात पुस्तकावरूनच शिकविली. पाण्यात खडक विरघळतो आणि घळ पडते, असे मुलांस सांगत असे.

गेल्या माघात नातवासह शिरूरहून सायकलीने टाकळी हाजीस गेलो व पुढे पायी कुकडीच्या पात्रात उतरलो. पलीकडे निघोज, काठी मळगंगादेवीचे देऊळ. काळ्या कातळात नदीने अरुंद घळ कोरली असून तीत रांजणांसारखे खळगे आहेत.

विरघळणे हा चुनखडीचा धर्म. हा तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस! येथे पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून कातळ घासतात व खळगा खोल होतो. एका रांजणाच्या तळाशी तसा गुळगुळीत गोटा होता.

"आजोबा, घरी नेऊ?"

"नको रे. ते नदीचे हत्यार. पावसाळ्यात तिला लागेल."

माझे जुने विद्यार्थी आता कोठे गाठावे? त्यांच्यापैकी कोणाच्या घरी हे मासिक जात असेल, तर त्यांनी गुरुजींची चूक एवढी सुधारून घ्यावी.