कुंकवाचा हरभरा

आमचे घरीं रात्रीचीं जेवणें एका पंगतीस होतात, आणि दिवसभराच्या बातम्यांचा समाचारही तेथेंच घेतला जातो. सन २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं अशाच एका पंगतींत माझा नऊ वर्षांचा नातू भाताचा घांस हातांत तसाच ठेवून म्हणाला, "आजोबा, २०३२ सालीं २२ डिसेंबरला मुंबईवर आकाशांतून धोंडा पडणार आहे, खरें का?" त्याचे वडील, माझे ज्येष्ठ चिरंजीव, नोकरीनिमित्त मुंबईस असतात व सुटीस घरीं येतात. मीं मास्तरी सुरांत उत्तर दिलें, "भाकडकथा आहेत. जेव मुकाट्यानें."

"मग लोणारला पडला तीही भाकडकथा का?"

लोणारची हकीकत मींच त्याला मागें मोठ्या ऐटींत सांगितली होती. बुलढाणे जिल्ह्यांतील काळ्या कातळांत जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खळगा पाडणारा तो पाषाण आतां माझ्याच अंगावर आला! पंगत हंसली, मी रागावलों, व मुलगा गप्प बसला. रात्रीं मात्र त्याला झोंप आली नाहीं, असें सूनबाईंनीं दुसरे दिवशीं सांगितलें.

तेव्हां कोठें मीं तें प्रकरण नीट वाचावयास घेतलें. मी पडलों संस्कृतचा मास्तर, गणित मॅट्रिकपुरतें. परंतु वाचतां वाचतां ध्यानांत आलें कीं, भाकडकथा असलीच तर ती माझ्या उत्तरांत होती. चिली देशांतील रिओ हुर्तादो येथील एका टेहळणीच्या दुर्बिणीस २७ डिसेंबर २०२४ रोजीं हा लघुग्रह दिसला. त्याचें नांव २०२४ वाय-आर-४. हें नांव पाहून मला आपल्या कटपयादीची आठवण झाली. कारण येथेंही अक्षरांत अंक लपविलेले आहेत. 'वाय' म्हणजे डिसेंबरचा उत्तरार्ध, आणि पुढील 'आर-४' चा हिशेब मांडला तर त्या पंधरवड्यांत नोंदला गेलेला हा एकशें सतरावा गोल ठरतो. एका पंधरवड्यांत इतके! आम्ही शाळेंत नवग्रह पाठ करून धन्यता मानीत होतों.

दिसला तेव्हां तो पृथ्वीजवळून दोन दिवसांपूर्वींच निघून गेलेला होता आणि दूर जात जात मंद होत होता. पाठमोरा मनुष्य संध्याकाळीं घांट उतरतांना चार पावलें दिसावा, आणि तेवढ्यावरून आठ वर्षांनंतर तो कोणत्या दारीं उभा राहील हें सांगावें, तसा हा प्रसंग. त्याची सूर्याभोंवतीं एक फेरी सुमारें चार वर्षांची. म्हणजे दोन फेऱ्यांनंतरचें स्थान कांहीं आठवड्यांच्या निरीक्षणांवरून काढावयाचें. आज केसाएवढी चूक झाली तर तेथें ती लक्षावधि किलोमीटरांची होते. त्या चुकीसकट हिशेब केल्यावर, पडलाच तर तो पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका व अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत जाणाऱ्या एका पट्ट्यांत कोठें तरी पडेल, असें निघालें. वर्तमानपत्रांनीं त्या पट्ट्यांतून मुंबईचें नांव तेवढें उचललें.

पुढें आंकडा उतरावयाचा तो चढूं लागला. जानेवारीच्या अखेरीस शेंकडा एक होता, तो १८ फेब्रुवारीस शेंकडा ३.१ वर गेला. मुलगा रोज आईच्या मोबाईलवर तो पाही, व मजकडे पाहून कांहीं न बोले. तें न बोलणें मला फार लागलें.

घरांत ज्याचें त्याचें चाललें होतें. वहिनींनीं शांतीची गोष्ट काढली. मातुःश्री म्हणाल्या, "मी कांहीं तेव्हां नसेन, तुमचें तुम्ही पाहा." मींही बृहत्संहिता उघडली. वराहमिहिरानें उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् व तारा असे पांच भेद मोठ्या बारकाईनें केले आहेत. पाहणारी दृष्टि खरी ज्योतिष्याची. परंतु फळें सांगतांना आपली चूक किती असूं शकेल, हें तेथें कोठेंच नाहीं. हे नवे ज्योतिषी आधीं तेवढेंच सांगतात, आणि आम्ही त्यालाच भितों!

१८ तारखेच्या रात्रीं मीं नातवाला देवघरासमोर बसविलें. शंभर हरभरे मोजून एका ओळींत मांडले व मधल्या एकास कुंकू लावलें. "लघुग्रहाच्या जितक्या वाटा संभवतात, तितके हे हरभरे. खरी वाट यांतली एकच. कुंकवाची वाट पृथ्वीवर येते. आतां भय किती?"

"शंभरांत एक."

नवें निरीक्षण आलें कीं अशक्य ठरलेल्या वाटा गळतात. मीं दोन्ही टोंकांकडून हरभरे उचलीत गेलों. बत्तीस उरले, कुंकवाचा अजून ओळींतच होता.

"बत्तिसांत एक," तो म्हणाला, आणि थोडें थांबून, "पण आजोबा, कुंकवाचा तर एकच आहे!"

तेंच मला सांगावयाचें होतें. भय वाढलें नव्हतें, अज्ञान घटलें होतें. ओळीचें टोंक कुंकवाच्या हरभऱ्यापलीकडे सरकलें कीं आंकडा एकदम शून्यावर येतो. २००४ सालीं अपोफिस नांवाच्या लघुग्रहाचा आंकडाही असाच २.७ पर्यंत चढला, व त्याच वर्षाच्या मार्चमधील जुनीं छायाचित्रें सांपडतांच २०२९ चें भय मिटलें.

"आणि शेवटीं कुंकवाचाच उरला तर?"

'तसें होणार नाहीं' हे शब्द अगदीं ओठांवर आले होते. पण एकतीस हरभऱ्यांच्या जोरावर बत्तिसाव्याची शपथ मी कशी घेणार? मीं म्हणालों, "तर तो खरेंच येईल. मात्र कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवावर, हें पुष्कळ आधीं कळेल. २०२२ च्या सप्टेंबरांत डिमॉर्फस नांवाच्या लहानशा गोलावर मुद्दाम यान आपटून त्याची फेरी अर्ध्या तासाहून अधिक कमी केली आहे. तेंही न साधलें तर माणसें हलवितां येतील."

"म्हणजे बाबांना इकडे आणतां येईल."

"येईल."

त्या रात्रीं तो झोंपला.

(न कळतां येतात ते निराळे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांत चेल्याबिन्स्क येथें सुमारें वीस मीटरांचा एक धोंडा सूर्याच्या बाजूनें आला, म्हणून कोणास आगाऊ दिसला नाहीं. प्रकाश पाहावयास लोक खिडक्यांशीं धांवले, आणि मागून आलेल्या धक्क्यानें कांचा फुटून सुमारें दीड हजार जखमी झाले. आकाशांत असा लखलखाट दिसला तर खिडकीपासून दूर व्हावें, एवढें मुलांना सांगून ठेवावें.)

२४ फेब्रुवारीस आंकडा शेंकडा ०.००४ वर आला. मीं तें वाचून दाखविलें, तरी नातवानें मोबाईल मागून घेऊन स्वतः पाहिलें. आणि मला त्याचा राग आला नाहीं. २०२८ च्या डिसेंबरांत तो लघुग्रह पुन्हां इकडे फिरकणार आहे, ती नोंद त्यानें माझ्या पंचांगाच्या पुठ्ठ्यावर करून ठेविली आहे. नव्याण्णव हरभऱ्यांची सूनबाईंनीं उसळ केली. कुंकवाचा हरभरा त्याच्या कंपासपेटींत आहे.