तीर्थरूपांचें सिमकार्ड

आमचे तीर्थरूप कैलासवासी होऊन तीन वर्षें लोटलीं, तरी त्यांचा मोबाइल आम्हीं बंद केला नव्हता. डोंबिवलीच्या घरून ठाण्यास कॉलेजांत निघतांना आपल्याबरोबर तोही खिशांत टाकण्याचा आमचा परिपाठ होता. कारण साधें होतें. आमच्या मातुश्रींनीं आयुष्यांत एकच क्रमांक पाठ केला, तो हा. दुपारीं एकटें वाटलें कीं घरच्या जुन्या दूरध्वनीवरून त्या तोच लावीत आणि प्राध्यापकांच्या खोलींत आम्ही “हं, बोल आई” म्हणत असूं.

गेल्या श्रावणांत तें कार्ड निकामी झालें. स्टेशनाजवळच्या दुकानांतील तरुणानें अदबीनें सांगितलें, “काका, ज्यांच्या नांवावर आहे त्यांना घेऊन या.” त्यांना घेऊन येणें शक्य नव्हतें. त्यांच्याकडे जाणें शक्य होतें, परंतु तेथून परततां येत नाहीं.

घरीं येतांना मनांत आलें, मग इतके दिवस या जाळ्यानें तीर्थरूपांस ओळखलें तरी कसें? आम्ही इंग्रजी शिकवितों. यंत्रांशीं आमचें सख्य नाहीं. पण भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यानें सकाळच्या गाडींत, कळव्याच्या गर्दींत चेंगरत असतां, सारा प्रकार समजावून दिला. प्रत्येक कार्डांत एक गुप्त संख्या असते आणि तिची जुळी प्रत कंपनीच्या कोठारांत. ती संख्या हवेंतून कधींच जात नाहीं. कंपनी वाटेल ती एक संख्या प्रश्न म्हणून पाठविते. कार्ड तो प्रश्न आणि आपलें गुपित एकत्र दळून उत्तर धाडतें. कंपनीही आपल्या घरीं तेंच दळण दळते. पीठ सारखें निघालें कीं ओळख पटली! चोरानें उत्तर ऐकलें तरी त्याचा लाभ नाहीं, कारण पुढच्या खेपेस प्रश्न निराळा असतो. गडावरचा परवलीचा शब्द एकदां शत्रूच्या कानीं पडला कीं पहारा फुकट जाई. येथें परवल दर वेळीं नवी. शिवाय बोलणें चालू असतां डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत दर खांबापाशीं नव्यानें परीक्षा होत नाहीं. आधीं पटलेल्या ओळखीवर पुढचा खांब तें हातीं घेतो. नाहीं तर मुंब्रा येईपर्यंत नुसती प्रश्नोत्तरेंच चाललीं असतीं.

1991 सालीं फिनलंडांत ही पद्धति प्रथम सुरू झाली तेव्हां तींत एक व्यंग होतें. फोनानें आपली ओळख पटवायची, पण विचारणाऱ्यानें नाहीं. त्यामुळें कोणीही तोतया खांब उभारून फोनांस फसवूं शकत असे. तिसऱ्या पिढीच्या जाळ्यांत तें दूर केलें: आतां प्रश्नावरच त्या गुपितापासून बनविलेली मोहोर असते, आणि ती शिळी असली तर कार्ड उत्तर देत नाहीं. (आम्ही तीस वर्षें मुलांना प्रश्न विचारीत आलों, आम्हांकडे अशी मोहोर कोणीं मागितली नाहीं, हें आमचें भाग्य.)

म्हणजे तीन वर्षें रोज प्रश्न येत होता आणि तीर्थरूपांच्या वतीनें बिनचूक उत्तर जात होतें. जाळें ओळखतें तें कार्ड. माणूस हयात आहे कीं नाहीं याची त्यास वार्ता नसते. माणूस ओळखण्याचें काम त्या गल्ल्यावरच्या तरुणाचें, आणि भामटे नेमके तेथेंच गांठतात. दुसऱ्याच्या नांवें नवें कार्ड पदरांत पाडून घेतलें कीं बँकेचा गुप्त आंकडा आपसूक त्यांच्या हातीं पडतो. 1 जुलै 2024 पासून तर कार्ड बदलल्यावर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनींत नेतां येत नाहीं, असा दूरसंचार प्राधिकरणाचा नियम आहे. हें कळल्यावर त्या तरुणावरचा आमचा राग ओसरला.

मृत्यूचा दाखला काढला. कल्याणच्या भगिनींची संमति आणली. राहिली मातुश्रींची सही.

“त्यांचें नांव काढतोस होय रे?”

“नंबर तोच राहील, आई.”

त्यांनीं चष्मा लावून कागद दोनदां वाचला आणि सही केली.

नवें कार्ड चालू झालें त्या दुपारीं दोन वाजतां घंटी वाजली. आम्हीं नेहमीप्रमाणें म्हटलें, “हं, बोल आई.”

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्यांनीं विचारलें, “कोण बोलतंय?”

आम्हीं आपलें नांव सांगितलें.