आईच्या लुगड्याचे बटवे

आईचं इरकली लुगडं दोन वर्षं सांगलीला माझ्या ट्रंकेत होतं. कात्री लावायला हात धजेना. यंदा ज्येष्ठात उलगडलं. विरलेला भाग वाकळीला ठेवला. पदर घट्ट होता, त्याचे हरिपाठाच्या मापाचे अकरा बटवे झाले. आत जुन्या धोतराचं अस्तर, तोंडाला लांब नाडी. घरात मशीन आहे, पण धावदोराच घातला. नामदेवरायांच्या घरचं काम, तेवढं तरी हातानं व्हावं.

माझं माहेर साताऱ्याकडचं तरडगाव. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आटोपून माउलींची पालखी तिथं मुक्कामाला येते. आईनं जन्मभर वारकऱ्यांना भाकरी वाढली. पंढरीला मात्र जाणं झालं नाही. मागं गुरं असायची.

पहाटे दहा बटवे वाटले. अकरावा सुटेना. एका म्हातारीनं काठावरून बोट फिरवत विचारलं, "कुणाचं लुगडं गं, बाई?"

"आईचं."

तिनं बटवा कपाळाला लावला, गळ्यात अडकवला आणि फलटणच्या वाटेला लागली.